डब्यावरचे आडनाव

स्थलांतरितांच्या लेखनाची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘मुळे तुटली’ या एकाच सुरात होते. नाव बदलले, चव बदलली, की अस्सल ते हरवले, असा निवाडा चटकन दिला जातो. अमेरिकेतील बोइआर्दी कुटुंबाच्या व्यवसायाचा इतिहास पाहता हा निवाडा तपासून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

एत्तोरे बोइआर्दी यांचा जन्म १८९७ मध्ये उत्तर इटलीतील पियाचेन्झा येथला. १९१४ मध्ये ते अमेरिकेस आले. हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत राबून पुढे १९२४ मध्ये त्यांनी क्लीव्हलँड येथे स्वतःचे उपाहारगृह काढले. तेथील सॉस गिऱ्हाइके घरी नेण्यासाठी मागू लागली. तो दुधाच्या बाटल्यांत भरून दिला जाई. त्यासोबत कोरडी स्पॅगेटी आणि किसलेले चीजही जाऊ लागले. १९२८ मध्ये भावांच्या साथीने कारखाना उभा राहिला.

हे आडनाव अमेरिकन ग्राहकांना नीट उच्चारता येईना. म्हणून ते इंग्रजी वाचणाऱ्याच्या जिभेवर बसेल अशा रीतीने तोडून छापले गेले: ‘बॉय-आर-डी’. याला अस्मितेचा त्याग म्हणणे सोपे आहे. आमच्या मते मात्र येथे अक्षरे सोडून उच्चार राखला गेला. काय सोडावे म्हणजे काय राखता येईल, हा तर प्रत्येक अनुवादकापुढचा प्रश्न.

चवीविषयीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पियाचेन्झाची ओळख सारण भरलेल्या आनोलीनीची; डबाबंद स्पॅगेटीत ते गाव शोधून सापडणार नाही. हे मान्यच. परंतु गावोगावच्या माणसांना परक्यांनी ‘इटालियन’ या एकाच नावाने हाक मारली आणि त्यांनी तिला ओ दिली. त्या हाकेतून घडलेले अन्न नकली ठरवायचे, तर स्थलांतराचा अनुभवच नकली ठरवावा लागेल.

मग या कथेत हानी कोठे झाली? १९३८ मध्ये कारखाना पेनसिल्व्हेनियातील मिल्टन येथे गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यासाठी अन्न पुरवले. युद्ध संपल्यावर ती मागणी ओसरली आणि १९४६ मध्ये व्यवसाय एका मोठ्या कंपनीस विकला गेला. १९८५ मध्ये निधन पावलेले एत्तोरे विक्रीनंतरही जाहिरातींत दिसत राहिले. परंतु डब्यावरचे नाव आणि चेहरा आता दुसऱ्याची मालमत्ता होती. स्पेलिंग बदलताना नावावरचा हक्क कुटुंबाकडेच होता. तो गेला विक्रीच्या कागदावर.

स्थलांतराचे साहित्य वाचताना आम्ही हाच भेद मागतो. काय बदलले, एवढे विचारून समीक्षेचे काम संपत नाही. तो बदल कोणी केला आणि त्यानंतर ते नाव कोणाच्या हाती राहिले, हेही विचारावे लागते.