बीपीची गोळी आणि पोटातला अल्सर



फराळाच्या डब्यांशेजारी आता आपल्यापैकी बऱ्याच जणांची गोळ्यांची डबीही असते. यंदा तिच्यातल्या एका गोळीविषयी लिहितो. तिच्या नावाचा शेवट ‘सार्टन’ असा असतो: लोसार्टन, कँडेसार्टन, वाल्सार्टन.

काळजीने पोट बिघडतं, असं आपण म्हणतोच. लंडनचे सर्जन थॉमस कर्लिंग यांनी १८४२ साली गंभीर भाजलेल्या रुग्णांच्या आतड्यातले व्रण नोंदवले. १९३६ साली हॅन्स सेली यांनी दाखवलं, की थंडी, इजा अशा कुठल्याही तीव्र ताणाने उंदरांच्या जठरात व्रण पडतात.

असं का होतं? ताण आला की शरीरात अँजिओटेन्सिन वाढतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, जठराच्या अस्तराला रक्त कमी पडतं आणि एरवी पचन करणारं आम्ल त्या अस्तरालाच खाऊ लागतं. सार्टन गोळी अँजिओटेन्सिनची वाट अडवते. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांना आधी दोन आठवडे कँडेसार्टन दिलं आणि मग त्यांना थंडीत जखडून ठेवलं. त्यांच्या जठरातले व्रण खूपच कमी निघाले.

पण हे उंदरांत दिसलं. म्हणून अल्सरसाठी कोणी सार्टन सुरू करू नये. माणसांतले बहुतेक अल्सर दोन कारणांनी होतात: एक हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, जो ओळखल्याबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं, दुसरं, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या.

हे दुसरं कारण आपल्याच कपाटात असतं. औषधशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी गुडघा दुखला की माझाही हात आयब्युप्रोफेनकडेच जाई. शेवटी कोपऱ्यावरच्या फार्मसिस्टने टोकलं. ती गोळी जठराला इजा करते, बीपी वाढवते, सार्टनचा गुण कमी करते, आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडावर भार टाकतात.

तेव्हा बीपीची गोळी मनाने बंद करू नका, आणि वेदनाशामक घेण्याआधी फार्मसिस्टला विचारा. शौच डांबरासारखं काळं झालं, तर सण आहे म्हणून थांबू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

आणि तरुण मंडळी, भाऊबीजेला घरी याल तेव्हा आईबाबांची गोळ्यांची डबी एकदा उघडून बघा. त्यांना ओवाळणीपेक्षा तेच जास्त उपयोगी पडेल.

शुभ दीपावली!