पत्रा गळत नाहीये, त्याला घाम येतोय

आमच्या गावाकडच्या घराच्या पत्र्यावर पुन्हा डांबर ओतायचं ठरतंय. तिसऱ्यांदा! भावंडांच्या फोनाफोनीत माझं कुणी ऐकून घेईना, म्हणून इथे लिहितोय. (दादा, तू वाचशीलच. रागावू नकोस.)

गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे. अकोले हं, अकोला नव्हे. नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही) म्हटलं की लोकांना टँकर आठवतो, भंडारदऱ्याचा पाऊस त्यांनी पाहिलेला नसतो. असो. घर कौलारू होतं. मग कौलं जाऊन निळा पत्रा आला. लाकडी माळा तसाच ठेवून त्याच्याखाली पीव्हीसीचं छत ठोकलं. आढ्याखालचे दोन्ही बाजूंचे त्रिकोण 'उंदीर येतात' म्हणून विटा-सिमेंटने बुजवले. घर कसं फोटोतल्यासारखं झालं. आणि त्याच डिसेंबरात, आभाळात ढग नाही, महिनाभर पावसाचा थेंब नाही, तरी पहाटे छतातून टप टप.

मिस्त्री म्हणाला, "कुठंतरी भोक असणार." डांबर. पुढच्या थंडीत पुन्हा टप टप. पुन्हा डांबर.

अहो, भोकातून पाणी यायला आधी वर पाणी तर हवं ना?

गेल्या आठवड्यात पहाटे पाचला मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो. एकच जागा ओली असती तर मिस्त्री खरा. पण अख्खा पत्रा खालून ओलाकच्च, आणि प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता. इतकी भोकं एका रात्रीत पडली?

२५ अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना जेमतेम ९. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. खाली आपला भात शिजतोय, अंघोळीचं पाणी तापतंय, दोरीवर ओले कपडे आहेत, आठ माणसं श्वास सोडताहेत. ती सगळी वाफ फटींतून माळ्यावर जाते, बाहेर पडायला वाट नाही, पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. फ्रीजमधली बाटली बाहेरून ओली झाली की तिला आपण डांबर फासतो का?

लगेच 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी खूश होऊ नये. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, चुलीच्या धुराने माळा खडखडीत राहायचा, हे खरं. पण त्या धुरात आजीचे डोळे गेले. गॅस आला ते उत्तमच झालं. फक्त धूर बंद करताना आपण हवेची वाटही बंद केली.

यंदा माळ्यावर ठेवलेल्या काकूच्या काळभाताच्या बियाण्याला बुरशी आली. काकू काही बोलली नाही, पोतं उन्हात नेऊन ओतलं आणि निवडत बसली. ज्या तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना गावरान बियाणं जपलं म्हणून २०२० ची पद्मश्री मिळाली, तिथे आपण घरचं बी डांबरावर खर्च करून कुजवतोय!

त्याच पैशांत दोन्ही त्रिकोण फोडून तिरप्या पट्ट्यांच्या झडपा बसतील, आतून बारीक जाळी लावली की उंदीरही नाहीत. स्वयंपाकघरातला पंखा सध्या वाफ माळ्यात ढकलतो, त्याचं तोंड भिंतीतून थेट बाहेर काढायचं. दिव्यांसाठी छताला पाडलेल्या भोकांच्या कडा बुजवायच्या. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली, तेव्हा झडपांचा फारसा उपयोग नाही. त्या चार महिन्यांत बियाणं चांगलं वाळवून घट्ट झाकणाच्या पिंपात, आणि पिंप खाली माजघरात.

दादा, शनिवारी मुक्कामाला येतोय. डबा उघडायच्या आधी रविवारी पहाटे पाचला माझ्याबरोबर एकदा वर चढ. बॅटरी मी आणतो.