असू दे, लागेल!

‘असू दे, लागेल!’ या शब्दांनी आजवर जितके खांदे निखळले, तितके हमालीनेही निखळले नसतील. माझं म्हणणं सरळ आहे : मोठ्या फिल्मचा कॅमेरा घेऊन निघणाऱ्याने लेन्स एकच न्यावी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढे वाचावं. ज्यांना पटलं त्यांनी तर वाचावंच. कारण पटूनही ते दुसरी लेन्स पेटीत टाकणार आहेत.

हा कॅमेरा म्हणजे पुढे पेटीसारखा भाता, मागे घासलेली काच आणि आपल्या डोक्यावर काळं फडकं. काचेत सगळं जग उलटं दिसतं. (बावीस वर्षं बँकेत काढल्यावर त्याचं काही वाटत नाही.) ४ बाय ५ इंचांची एकेक फिल्म, पस्तीस एम.एम.च्या सुमारे पंधरापट. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म मावतात.

माझ्याकडे ९०, १५० आणि ३०० अशा तीन लेन्सा. जानेवारीतली पहाट होती. बेसातल्या आमच्या घरामागे तुरीचं एक शेत अजून उरलं होतं. विहीर, चिंच आणि अंगावर धुकं. ९० लावली, चिंच मोहरीएवढी झाली. ३०० लावली, तर भाताही जवळजवळ ३०० मिलिमीटर ताणावा लागला आणि वाऱ्यावर थरथरू लागला. शेवटी १५० काढतोय तोवर शेतमालक आले.

“का जी साहेब, दुकान लावता का फोटो काढता?”

एवढ्यात ऊन आलं. धुकं गेलं.

कॉमर्सला आम्ही शिकलो की, न खपणारा माल गोदामाचं भाडं खातो. इथे गोदाम म्हणजे आपली पाठ.

कुणी म्हणेल, जुन्या लोकांनी नाही का गाडाभर सामान वाहिलं? वाहिलं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद. त्या काळी काचेवरचा ओला थर वाळायच्या आत फोटो घेऊन धुवावा लागे. बाहेरगावी जायचं तर अंधारखोलीच सोबत न्यावी लागे. त्यांना गरज होती, आपल्याला हौस आहे.

“पण रामटेकच्या गडावर मागे सरकायला जागा नसली तर?” हा आक्षेप मात्र खरा. मग त्या दिवशी ९० न्या. १५० घरी ठेवा. आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन जागा बघून या. बघण्याला वजन नसतं. वजन कमी करायचंच तर लेन्सांचं करा, ट्रायपॉडचं नको. तो हलका घेतला की फोटो हलतो. मीटर, भिंग, केबल, काळं फडकं आणि तीन होल्डर. सहा फोटो. सहात जमलं नाही ते साठात जमत नाही.

पुढच्या रविवारी मी फक्त १५० घेऊन गेलो. विहीर बुजली होती, चिंच आडवी पडली होती आणि जेसीबीवाला चहा पीत होता. ‘प्लॉट विकणे आहे’ हा बोर्ड काचेत अगदी नेमका बसला. उलटा.