‘लोकसंगीत’ हा शिक्का कुणाचा?

जयंती आली की आमच्या मुरुममध्ये हलगी कडाडते, भीमगीतं घुमतात. आणि कुणीतरी शहाणा म्हणतोच, “हे लोकसंगीत, शास्त्रीय नव्हे.” ही वर्गवारी केली कुणी?

अमेरिकेत १९२२ साली चार्ल्स मिंगस जन्मला. लहानपणी चेलो शिकला. पण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात काळ्या माणसाला वाव नाही, म्हणून डबल बासकडे वळला आणि त्या वाद्याचा दिग्गज झाला. वर्णभेदी गव्हर्नर फॉबसवरची त्याची रचना १९५९ मध्ये मोठ्या कंपनीनं काढली, ती शब्दांविना! शब्दांसह ती १९६० मध्ये दुसऱ्या कंपनीकडून आली. ‘जॅझ’ हा शिक्काच त्याला दुय्यम नागरिकत्वाचा वाटे.

आमचे वामनदादा कर्डकही १९२२ चेच. ‘लोककवी’ ही पदवी समाजानं प्रेमानं दिली; व्यवस्थेनं तिचीच खालची पायरी केली. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता सुरांतही आहे. ज्याच्या हातात व्याकरण, त्याचं ते शास्त्र. ज्याच्या हातात हलगी, त्याचं ते ‘लोक’!

मित्रांनो, हलगीचे बोल लिहून काढा, वामनदादांच्या चालींचं स्वरलेखन करा. आपलं शास्त्र आपणच मांडू. शिक्के त्यांच्याकडेच राहू द्या.

जय भीम!