पाळी गेली की अंग सुटायचेच?

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती दाट आहे. आमचे घरही त्यांतलेच. साड्यांना टिकल्या लावत बसलेल्या काकू-मावश्यांच्या तोंडी तेथे एक वाक्य हमखास असते : "पाळी गेली, आता अंग सुटायचंच." डॉक्टरकडे गेल्या तरी पुष्कळदा हेच उत्तर पदरात पडते. या उत्तराबद्दल माझी तक्रार आहे.

कारण ते निम्मेच खरे आहे. वजन पाळी जाण्याच्या कितीतरी आधीपासून, वयाबरोबर वाढत असते. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून अधिक स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तिच्यातून २०१९ साली निघालेला निष्कर्ष असा की, रजोनिवृत्तीच्या काळात वजनवाढीचा वेग फारसा बदलत नाही. मेद वाढण्याचा वेग मात्र दुप्पट होतो आणि स्नायू घटू लागतात. म्हणजे काट्याला पत्ताही लागत नाही. शिवाय इस्ट्रोजेन उतरले की मेद मांड्यांऐवजी पोटावर साठू लागतो, आणि मधुमेह-हृदयविकाराला हाच मेद धार्जिणा. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. कापडाच्या या शहरात टेप घरोघरी आहे. ती फक्त ब्लाऊजच्या मापालाच निघते!

मी शिकले त्या पुस्तकात अंडाशयाचे काम थांबले की प्रकरणही संपत असे. प्रत्यक्षात इस्ट्रोजेन संपत नाही, त्याचा कारखाना हलतो. अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोस्टेनेडायोनचे मेदपेशींतील अरोमाटेज हे विकर इस्ट्रोनमध्ये रूपांतर करते. मेद जितका अधिक, तितके इस्ट्रोन अधिक. रजोनिवृत्तीनंतरच्या स्थूलपणाचा स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी जो संबंध आहे, त्याचे एक मोठे कारण हे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले, तरी "उष्णता झाली" म्हणून गप्प बसू नये, ताबडतोब तपासून घ्यावे.

यावर उपाय म्हणून "चालत जा, कडधान्ये खा, थोडे वजन उचला" असे सांगणे सोपे आहे, आणि सल्ला चुकीचाही नाही. स्नायू टिकवायचे तर दुसरा मार्ग नाही. पण टिकल्यांची मजुरी नगावर मिळते. बाई तासभर उठली की तेवढे पैसे बुडतात. सुरतेच्या जेवणाला नावे ठेवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

सरकारी मोजपट्टीचेही असेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची कंबर मोजली, पण १५ ते ४९ वयाचीच. आपल्याकडे पाळी जाते साधारण ४६-४७ व्या वर्षी. टेप जेथे खरी कामाची, तेथेच ती गुंडाळून ठेवली.