दात देणाऱ्याने मोजावेत

रमजानचे शेवटचे दहा दिवस इबादतीसाठी राखून ठेवावेत, अशी शिकवण आहे. कुरआन अवतरणाची रात्र, म्हणजे लैलतुल कद्र, याच दिवसांतील 21, 23, 25, 27 आणि 29 या विषम रात्रींमध्ये शोधायची असते. बाजारात सर्वाधिक गर्दी असते तीही नेमकी याच रात्रींना. तरावीहची नमाज आटोपली की मुंबईचा मुहम्मद अली रोड असो वा मालेगाव, मिरज, सोलापूरची बाजारपेठ, लोकांचे लोंढे सुरू होतात. कपडे, चपला, बांगड्या, अत्तर, शेवया, सुका मेवा यांची खरेदी रात्री उशिरापर्यंत चालते.

या खरेदीला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. अनेक शिंप्यांचे, फेरीवाल्यांचे, छोट्या दुकानदारांचे वर्षाचे गणित या एका महिन्यावर बसलेले असते आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. ईदच्या सकाळी अंघोळ करून, असलेल्या कपड्यांतले उत्तम कपडे घालून नमाजला जावे, ही सुन्नत आहे. कपडे नवेच हवेत असे कोणी सांगितलेले नाही, पण मुलांच्या अंगावर नवा कपडा पाहण्याचा आनंद कोणाला नको असतो? प्रश्न वेगळाच आहे. स्वतःसाठी घेतलेल्या वस्तूची निवड आणि दुसऱ्याला देण्यासाठी घेतलेल्या वस्तूची निवड, या दोन्हींत जे अंतर पडते, त्याचा आहे.

कपड्याच्या दुकानात घटकाभर उभे राहिले तरी हे अंतर दिसते. घरासाठी साडी घ्यायची असली की पोत दोन बोटांत चोळून पाहिला जातो, रंग उजेडात नेऊन बघितला जातो, पाण्यात जाईल का हे तीनदा विचारले जाते. पण ‘द्यायला हवीय’ एवढे शब्द उच्चारले की दुकानदार दुसऱ्या गठ्ठ्याकडे वळतो. मराठी बाजारपेठेत या मालाला नावच आहे : देण्याघेण्याच्या साड्या. मुस्लिम वस्त्यांत रमजानमध्ये त्याच्याच शेजारी आणखी एक गठ्ठा येतो, जकातीच्या कपड्यांचा. किंमत सर्वांत कमी, कापड विरळ, आणि घेणाऱ्याचा एकच प्रश्न : डझनाचा भाव काय?

देण्याघेण्याच्या वस्तूंचे पुढे काय होते, हे कोणत्याही धर्माच्या घराला सांगायला नको. खण आणि ब्लाउजपीस एका ओटीतून दुसऱ्या ओटीत जातात. लग्नात आलेले चहाचे सेट आणि भिंतीवरची घड्याळे माळ्यावर चढतात आणि पुढच्या लग्नाच्या वेळी खाली उतरतात. दिवाळीतली सोनपापडी किंवा ईदला आलेला सुक्या मेव्याचा डबा चार घरे फिरतो, आणि कधी कधी आधीच्या देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आतच राहून जाते. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापण्याची वेळ आली ती काही उगाच नाही. पूर्वी बोहारीण दारात यायची. जुने कपडे घेऊन त्यावर भांडे द्यायची. नको असलेल्या वस्तूची किंमत तिच्याशी घासाघीस करून दोघींच्या समोर ठरायची. त्या व्यवहारात निदान भिडेचा पडदा नव्हता.

जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये नाताळच्या भेटवस्तूंवर एक शोधनिबंध लिहिला. देणाऱ्याने मोजलेली किंमत आणि घेणाऱ्याला त्या वस्तूचे वाटणारे मोल यांची तुलना त्याने केली. भावनिक मोल बाजूला ठेवले तर भेटवस्तूंच्या किमतीचा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो, असा त्याचा अंदाज निघाला. देणारा आणि घेणारा यांच्यात वयाचे अंतर जितके अधिक, तितकी निवड चुकण्याची शक्यता अधिक. नातवाला काय हवे ते आजीला ठाऊक नसते. आपल्याकडच्या आज्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. त्या ईदी रोख देतात!

नको असलेली भेट पुढे देणे म्हणजे अपमान, अशी एक समजूत आहे. इस्लामच्या परंपरेत त्याला आधार सापडत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा हजरत उमर (रजि.) यांना रेशमी वस्त्र पाठवले. पुरुषांना रेशीम वर्ज्य. उमर गोंधळून विचारायला आले, तेव्हा ते नेसण्यासाठी दिलेले नाही, असे उत्तर मिळाले. उमर यांनी ते वस्त्र मक्केतील आपल्या भावाला देऊन टाकले. तो भाऊ तेव्हा मुसलमानही नव्हता. दुसरा प्रसंग अबू जहम यांनी दिलेल्या चादरीचा. तिच्यावरच्या नक्षीने नमाजमध्ये लक्ष विचलित होते म्हणून प्रेषितांनी ती परत पाठवली, पण त्याच वेळी अबू जहम यांच्याकडची दुसरी, साधी चादर मागवून घेतली. देणाऱ्याचे मन दुखावू नये म्हणून ही मागणी केली, असा अर्थ विद्वानांनी लावला आहे. वस्तू नाकारली, माणूस नाकारला नाही.

तेव्हा वस्तू फिरण्यात दोष नाही. दोष आहे तो अडगळ काढताना दानाचे पुण्य पदरात पाडून घेण्यात. मदिनेत खजुराच्या हंगामात बागाईतदार गरिबांसाठी मशिदीत खजुराचे घड टांगून ठेवत. भुकेला येई, काठीने घड हलवी आणि पडलेले खजूर खाई. काही जण मात्र सुकलेले, किडके घड आणून टांगू लागले. सूरह बकराच्या 267 व्या आयतीचा संदर्भ हा प्रसंग असल्याचे हदीसमध्ये आले आहे. डोळे मिटल्याशिवाय जे तुम्ही स्वतः स्वीकारणार नाही, असले निकृष्ट दानासाठी निवडू नका, असा त्या आयतीचा आशय आहे.

हे सांगणे काही एकाच धर्माचे नाही. कठोपनिषदात नचिकेताचा बाप यज्ञात गाई दान देतो. त्या गाई म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, चारापाणी संपलेल्या. कोवळ्या वयाच्या पोराला ते दान पाहून अस्वस्थ वाटते आणि तिथून त्याचे प्रश्न सुरू होतात. आपल्या म्हणीत मात्र ही गाय उलटी उभी आहे. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ असे म्हणून आपण घेणाऱ्यालाच गप्प बसवतो. फुकट मिळाले ना, मग कशाला बोलतोस? घेणाऱ्याने दात मोजू नयेत हे एक वेळ ठीक. पण देणाऱ्याने ते मोजायलाच हवेत.

जकातीच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठोर होतो, कारण जकात म्हणजे उपकार नव्हे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या मोलाची संपत्ती वर्षभर हाती असेल, तर तिचा चाळिसावा भाग हा गरिबाचा हक्क आहे. समजा, दोन लाखांवर पाच हजार रुपये जकात निघाली आणि त्यातून पाचशेचे दहा ड्रेस वाटले. एखाद्या विधवेच्या घरात असे चार घरांतून चार ड्रेस आले. तिला हवी होती मुलाची शाळेची फी किंवा थकलेले घरभाडे. ती त्यातले तीन ड्रेस निम्म्याहून कमी किमतीत विकते. देणाऱ्याच्या वहीत दीड हजार जमा झाले, तिच्या हातात सहाशेही पडले नाहीत. मधले पैसे कोणाच्या हक्काचे होते? जकात वस्तूरूपाने देता येते, हे खरे. पण ती वस्तू तिला हवी होती का, एवढे विचारायला फतवा लागत नाही.

उपाय अवघड नाहीत. रोख रक्कम द्यावी आणि वेळेवर द्यावी. जकातीला रमजानचेच बंधन नाही. वर्ष भरले की ती देय होते. फित्रा, म्हणजे हनफी मतानुसार माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत, ईदच्या नमाजआधी पोचलाच पाहिजे. पण तो ईदच्या सकाळीच दिला तर त्या घराने खरेदी करायची कधी? चार दिवस आधी पैसे मिळाले, तर तीही बाई आपल्या मुलीला घेऊन त्याच बाजारात जाईल आणि कापड दोन बोटांत चोळून पाहील. निवड करण्याचा हा आनंद ज्याला मिळत नाही, त्याची ईद अर्धीच असते.

कपडेच द्यायचे असतील तर आपल्या घरासाठी घेतले त्याच गठ्ठ्यातले द्यावेत, संख्या कमी झाली तरी चालेल. नको असलेली भेट पुढे द्यायची असेल तर ज्याला खरोखर उपयोग आहे त्याला, सांगून द्यावी. ती जकातीत धरू नये. वापरलेल्या कपड्यांसाठी वेगळी वाट आहे. इराणमध्ये 2015 च्या हिवाळ्यात सुरू झालेली कल्पना महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ म्हणून रुजली. तिथेही कपडा धुऊन, गुंडी लावून, घडी घालून टांगला जातो की गाठोडे फेकले जाते, यावर सारे ठरते. मदिनेतल्या मशिदीत टांगलेल्या घडांची आणि या भिंतीची परीक्षा एकच आहे.

रोजा भुकेची ओळख करून देतो. पण गरिबाला भूक असते, तशी आवडनिवडही असते. तिची ओळख पटवून घेणे हाही या महिन्याचाच अभ्यास आहे.