गवत कापण्याचें यंत्र : महाग घ्यावें कीं स्वस्त?

बुधवार पेठेंतील कांहीं जुन्या कुटुंबांचें एक पाऊल अद्याप कोंकणांत आहे. वाडा पाडून तेथें इमारत उभी राहिली, भाऊ-भाऊ निरनिराळ्या मजल्यांवर राहूं लागले; परंतु रत्नागिरीकडील आंब्याकाजूची बाग सामाईकच राहिली, आणि पाऊस ओसरला कीं तिच्या बेणणीचा प्रश्न दरवर्षीं घरच्या बैठकींत निघतो. कोयत्यानें बेणणी करणारे गडी आतां सहसा मिळत नाहींत. मिळाले तरी चार दिवस येतात आणि पांचव्या दिवशीं त्यांचा पत्ता नसतो. तेव्हां खांद्याला पट्ट्यानें अडकवून चालवावयाचें पेट्रोलचें यंत्र (बाजारांत त्यास ग्रास कटर किंवा ब्रश कटर म्हणतात) घ्यावें, येथपर्यंत सर्वांचें एकमत होतें. किंमत निघाली कीं घरांत दोन पक्ष पडतात.

कारण अंतर थोडेंथोडकें नाहीं. सात-आठ हजारांतहि यंत्र मिळतें आणि नांवाजलेल्या जर्मन, स्वीडिश वा जपानी कारखान्याच्या यंत्रास पंचवीस-तीस हजार सहज पडतात. त्यांतून स्वस्त यंत्रावर ठळक अक्षरांत 52 सी.सी. असा आंकडा असतो, तर होंडाच्या एका चार-स्ट्रोक इंजिनाचा आंकडा 35.8 एवढाच. सी.सी. म्हणजे सिलिंडरची पोकळी. तीवरून काम किती होईल हें कळत नाहीं, जसें पातेल्याच्या आकारावरून आमटीची चव कळत नाहीं. परंतु चौपट दाम देऊन लहान आंकडा घरीं आणणाऱ्या धाकट्या भावास थोरल्यापुढें हें समजावून देणें सोपें नाहीं.

हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. 1903 सालीं बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. ही गोष्ट आपण शेतकऱ्यांच्या भोळेपणाची म्हणून सांगतों. आमच्या मतें तींत शहाणपणाचाहि अंश असावा. लांकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यांत करून देई आणि मोडला तर तोच नीट करी. लोखंडी मोडला तर कोणाकडे जावें? 1910 मध्यें औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि पुढें लोखंडी नांगरानें महाराष्ट्रांत घर केलें, त्यावरून पहिली शंका पोकळ होती हें ठरलें. दुसरी शंका आजहि विचारण्याजोगी आहे.

प्रथम हिशेब पाहूं. बाग चार एकरांची, वर्षांतून दोन बेणण्या आणि एकरास आठ तास धरले तर वर्षाचे 64 तास व पांच वर्षांचे 320 तास होतात. दोन यंत्रांच्या किंमतींत वीस हजारांचें अंतर मानलें, तर महागाईचा भार तासास सुमारें 62 रुपये पडला. चार-स्ट्रोक इंजिनानें तासाला पाव लिटर पेट्रोल वांचविलें, तरी आजच्या शंभरांवरील दरानें पंचवीस रुपये तेथेंच सुटतात. उरलेले सदतीस रुपये, ऐन उघडिपींत यंत्र बंद पडून गडी बसून न राहण्याबद्दल दिले असें समजावें. ज्यानें असा एक दिवस पाहिला आहे, त्यास हा सौदा महाग वाटणार नाहीं. उलट पुण्याजवळ बंगल्याभोंवतीं चार गुंठे अंगण असेल, तर वर्षाचे दहा तासहि भरत नाहींत. तेथें हाच भार तासास चारशें रुपये होतो. अशा घरानें महाग यंत्राच्या वाटेस जाऊंच नये; किंबहुना स्वतःचें यंत्र घेऊन येणारा माणूस दिवसाच्या बोलीनें बोलवावा, किंवा तापकीर गल्लींत चौकशी करून विजेवर चालणारें लहान यंत्र आणावें.

परंतु या हिशेबांत एक रकाना नेहमीं कोरा राहतो. यंत्राची किंमत पुण्यांतील भाऊ देतात. त्याचे हादरे मात्र बागेंत राहणारे काका किंवा त्यांचा गडी सोसतो. हादरणारें हत्यार वर्षानुवर्षें धरल्यानें बोटांतील रक्ताभिसरण बिघडतें, बोटें पांढरीं पडतात व बधिर होतात, असें थंड देशांतील जंगलतोड कामगारांत दिसून आलेलें आहे. आवाजाचेंहि तसेंच. आठ तासांस 85 डेसिबल ही मर्यादा मानतात आणि या यंत्रांचा आवाज कानाशीं शंभराच्या आसपास जातो. महाग यंत्रांत मुठीखालीं रबर अथवा स्प्रिंगा बसवून हादरे पुष्कळ कमी केलेले असतात. आवाजापासून मात्र तींहि वांचवीत नाहींत. कानांस बोळे आणि डोळ्यांस चष्मा दोहोंबरोबरहि घ्यावाच लागतो. एरवीं चार पैसे वांचविणें हा आमच्या घरांचा गुण. पण दुसऱ्याच्या मनगटावर वांचविलेल्या पैशास काटकसर म्हणावें काय?

एवढें म्हटल्यावर महागाचा आंधळा कैवार आम्हीं घेत नाहीं. त्या किंमतींत जाहिरात आहे, दूर देशाहून येण्याचा खर्च आहे, नांवाचा मानहि आहे. म्हणून दुकानीं यंत्राची किंमत विचारण्याआधीं कार्बोरेटरचा पडदा, हवेची गाळणी आणि नायलॉन दोरीचें डोकें यांच्या किंमती विचाराव्या, आणि हे भाग चिपळुणास मिळतात कीं पुण्याहूनच पाठवावे लागतात तें पाहावें. सुट्या भागासाठीं महिनाभर थांबणारें उंची यंत्र, गांवच्या मिस्त्रीस उघडतां येणाऱ्या साध्या यंत्राहून कनिष्ठच होय.

पेट्रोलाविषयीं एक सूचना. 2025 पासून आपल्याकडील पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. बेणणी संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. नाहीं तर पुढील हंगामापर्यंत कार्बोरेटरांत चिकटा धरतो आणि मग बोल यंत्रास लागतो. दोन-स्ट्रोक यंत्रास तेल मिसळावें लागतें. लिटरास 20 मिलि कीं 40, हें पुस्तिकेंत पाहून डब्यावरच लिहून ठेवावें.

आणि खरेदीस जातांना, जो तें चालविणार त्यालाच बरोबर न्यावें. पट्टा त्याच्या खांद्यावर बसवून, यंत्र सुरू करून दहा मिनिटें त्याच्या हातीं द्यावें व मग त्याचें मत घ्यावें. बैठकींतील मतें त्यानंतर मोजावीं.